पिठाच्या डब्याला प्रदक्षिणा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत मगदूमांची पिठाची गिरण कुठं म्हणून विचारा, शेंबडं पोरगंबी बोट दाखवंल. पण त्येच्या फुडं विचारा, गिरणीच्या माडीवर कोण ऱ्हातं? न्हाय सांगता आलं तर बसा हितं, मी सांगतो. दळणाला वेळ हाय.

माडीवर माझी धाकटी भण ऱ्हाती. डॉक्टर राजमती मगदूम. सुई टोचणारी डॉक्टर न्हवं. ज्या दगडांवरची अक्षरं आजपातुर कुणाच्या बापाला वाचता आली न्हाईत, ती तिनं वाचली. मी बापूसो मगदूम, नववी नापास. एका आईची दोन लेकरं. अक्कल समदी तिकडं गेली आणि आवाज समदा माझ्याकडं आला. गिरणीत आवाजच लागतो म्हणा.

आमचं मूळ गाव हातकणंगल्याजवळ. तितंबी वडलांची गिरणच हुती. आई निपाणीकडची, जैनाच्या घरातली, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायची. त्यामुळं आमच्या घरात बापाला अप्पा, आईला अव्वा, थोरल्या भणीला अक्का आणि थोरल्या भावाला अण्णा. मला सारं गाव बापूसो म्हणायचं, ही एकटी अण्णा म्हणायची. अजून म्हणती.

लहानपणापास्नं तिचं येगळंच हुतं. सुट्टीत आमी आजोळी जायचो. स्टँडावर एका गाडीला मराठीत ‘निपाणी’ लिवल्यालं असायचं, शेजारच्या कर्नाटकाच्या गाडीला तेच कानडीत. मी शेंगा खात बसायचो. ही एकदा ह्या पाटीकडं, एकदा त्या पाटीकडं. चौथीत असंल तवा. तिसऱ्या सुट्टीत आजोळच्या बस्तीत, म्हंजे आमच्या देवळात, गेलो तर ही भिंतीवरलं कानडी धडाधड वाचाया लागली. आजोबा अव्वाला म्हणले, “पोरीला शिकवणी लावलीस व्हय?” अव्वा म्हणली, “कुठली शिकवणी, यष्टीच्या पाट्या बगून शिकली की!”

मी तवाच सांगितलंतं, ही पोरगी नाव काढणार. कुणी ऐकलं न्हाय ती गोष्ट सोडा.

फुडं कोल्हापुरात एमए झाली, डॉक्टर झाली, कॉलेजात तासावर शिकवाया लागली. एकदा पोरांची सहल घेऊन चंदगडला गेलती. तितल्या डोंगरात पाथरवाडी म्हणून एक वस्ती हाय. भाताच्या बांधाला, काजूच्या झाडाखाली कमरेएवढे चौकोनी दगड उभे हायत. कुणी त्येला म्हस बांधतंय, कुणी त्येच्यावर धुणं वाळवतंय. दगडाच्या चारी बाजूंना खुणा कोरलेल्या, काही दगडांवर माणसांची चित्रंबी. एक कंगव्यागत, एक गळागत, एक दोन शेपट्यांच्या माशागत. जाणती माणसं म्हणायची, ही अक्षरं न्हवंतच, नक्षी हाय. कोण म्हणायचं पाथरवटाच्या खुणा. राजमती परत आली आणि जेवताना म्हणली, “अण्णा, ती नक्षी न्हाय. नक्षी करणारा माणूस ओळीच्या शेवटाला दाटी करून कोरत न्हाय. जागा संपाया लागली की दाटी कोण करतं? लिवणारा.”

झालं. तितनं ती त्या दगडांच्या मागं लागली ती लागलीच.

दगडावरचं उतरून घ्यायला ठसा घ्यावा लागतो. कागद ओला करून दगडाला चिकटवायचा, ब्रशानं ठोकत ठोकत खाचेत बसवायचा, मग वरनं शाईची गादी हलकी फिरवायची. कागद वाळला की सोडवायचा. पण चंदगडात वाळतंय काय? पाऊस तितला जावई हाय, आला की जात न्हाय. ही ठसा घेणार आणि मी छत्री धरणार. दगडावर, तिच्यावर न्हवं. ती भिजली तर चालंल, कागद भिजाय नको. किती दगड, किती खेपा, सगळ्या छत्र्या माझ्या. हे कुठल्या पुस्तकात छापून आलं न्हाय म्हणून सांगून ठिवतो.

माडीवरच्या खोलीत भिंतभर ते कागद. दगडाच्या चार बाजूंचे चार कागद, डावीकडनं उजवीकडं एकाला एक लावल्याले. ती त्येच्याकडं बगत बसायची. खाली गिरण सुरू झाली की माडी थरथरायची आणि सगळे कागद फडफडायचे. वर्षं गेली. पावणं यायचं, वर डोकवायचं आणि खाली येऊन मला म्हणायचं, “बापूसो, भणीचं लगीन दगडाशी लावलंस काय?”

मी म्हणायचो, “दगडावर अक्षरं तरी हायत. तुमच्या जावयावर काय हाय?”

पण वाचता येत न्हवतं ते न्हवतंच. शब्द मधीच तुटायचे, फुडच्या कागदावर त्येंचं शेपूट सापडायचं न्हाय.

मग एक दिवस ती खाली आली आणि म्हणली, “अण्णा, एक रिकामा डबा दे.” तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा असतोय बगा, ज्यात लोक दळण आणतात, तसला. मी दिला. डबा माझा हुता, हे ध्यानात ठेवा. तिनं ठशांच्या झेरॉक्स काढल्या आणि डब्याच्या चारी बाजूंना चिकटवल्या. डबा अंगणात स्टुलावर ठेवला. “दगड चौकोनी आणि मी त्येला भिंतीवर सपाट करून बसलोय,” म्हणली. आमच्याकडं बायकाबी ‘मी बसलो, मी जातो’ असंच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये. आणि मग लागली त्या डब्याभवती फिरायला.

दळणाला आल्याल्या बायका बगत हुत्या. एक म्हणली, “काय वो बापूसो, बाई पिठाच्या डब्याला प्रदक्षिणा घालाय लागल्या?” दुसऱ्या दिवशी बगतो तर डब्याला कुणीतरी हळदीकुंकू लावलंतं! राजमती हसली. मग हसायची थांबली आणि स्टुलाजवळ तशीच हुबी ऱ्हायली.

“अण्णा, मी कुठल्या बाजूनं फिरत हुतो?”

“देवळात फिरतीस तशीच की. उजवा हात डब्याकडं.”

ती हळूहळू फिराया लागली, उजवा हात डब्याकडं ठेवून, पैली ओळ वाचत. एक बाजू संपली की उजवीकडची न्हवं, डावीकडची बाजू म्होरं येती. इतकी वर्षं सगळ्यांनी कागद उलटे जोडल्याले. तो दगड बसून वाचायचाच न्हवता. एक ओळ म्हंजे एक प्रदक्षिणा. जितक्या ओळी तितक्या फेऱ्या. मेलेल्या माणसाची आठवण म्हणून दगड लावलाय, वाचणारानं त्येला फेऱ्या घालाव्या म्हणून तसा कोरलाय.

शब्द जुळाया लागले. तरी अक्षर कुठलं ते कसं कळणार? तर बगा. जवळजवळ सगळ्या दगडांवर शेवटाकडं एक शब्द. पैली खूण तीच, आणि तिच्या फुडं कुठलीतरी एक खूण जोडीनं, दोनदा. एका दगडावर कंगवा कंगवा, दुसऱ्यावर गळ गळ, अशा सगळ्या मिळून चारच जोड्या. माडीवर बसून तिनं ते चार शब्द एकाखाली एक लिवले आणि मोठ्यानं आमच्या घरातली हाक मारून बघितली. अप्प. अव्व. अक्क. अण्ण. सगळ्यांत फुडं अ, आणि मग जोडी! कुणी दगड लावला, बापानं का आईनं का भणीनं, ते शेवटाला लिवलंतं.

गिरण चालू हुती. ती जिना उतरत ओरडली, “अण्णा!”

“काय गं?”

“अण्णा!”

“अगं, बोल की! काय पेटलं काय वर?”

“तुला हाक न्हाय मारली. वाचलंय!”

कुठला शब्द कुणाचा, ते दगडावरच्या चित्रांनी सांगितलं. एका दगडावर उंच गडी कोरलाय आणि त्येचं बोट धरल्याली पोर. मी म्हणलो, बाप असंल. ती म्हणली, बापाचा शब्द दुसऱ्या दगडावर दाढीवाल्यापाशी सापडलाय, हा भाऊ. तर मंडळी, त्या लिपीतला पैला वाचल्याला शब्द म्हंजे अण्णा. म्हंजे मी. आता ह्येच्यावर कुणाला काय म्हणायचं असंल तर म्हणा.

त्या पाच अक्षरांवरनं तिनं बाकीची एकेक करून जुळवली, तक्ता केला आणि लेख छापला. ह्याच्यानंतर कोल्हापुरातला माणूस काय करंल? मी फलक लावला. चौकात, दोन मजली. वर दगड, मधी राजमती, खाली मी गॉगल लावून आणि गल्लीतली सगळी मंडळी. ‘जगात पैली! कोल्हापूरच्या लेकीनं मुक्या दगडांना बोलतं केलं!’ आमच्या मंडळींनी, म्हंजे माझ्या बायकोनं, अनुजानं, बघितलं आणि म्हणली, “भणीपेक्षा तुमचाच फोटो ठसठशीत आलाय.”

राजमती मातुर चिडली. “अण्णा, अजून कुणी मान्य केल्यालं न्हाय. लेख नुसता छापून आलाय.”

“करत्यात की मान्य. न करून जात्यात कुठं?”

पुण्यात विद्वानांची सभा हुती. मीबी गेलतो, मागच्या रांगेत. ती उभी ऱ्हायली आणि सवयीनं म्हणली, “आता मी पैला दगड वाचतो.” कुणीतरी फिसकन हसलं. त्येचं तोंड मी बघून ठेवलंय. पण खरा घाव घातला तो गुरुप्रसाद सरांनी. ह्या इषयातलं मोठं नाव. ते मान्य करतील ते साऱ्यांनी करायचं, असा दबदबा. आवाज शांत, माणूस सज्जन. म्हणाले, “बाई, चार बाजू हव्या त्या क्रमानं जोडल्या, हवे ते उच्चार दिले, की काहीतरी अर्थ निघणारच. तुम्ही न पाहिलेला एखादा दगड वाचता आला पाहिजे.” आणि मग मोबाइल काढून चौकातला माझा फलक दाखवला. “लिपी चौकात सिद्ध होत नसते.” सगळी सभा हसली.

गाडीत ती खिडकीबाहेर बगत बसली. कराड ओलांडलं. दिवस मावळायला आलता. आमच्या जैनांत मावळल्यावर जेवत न्हाईत, म्हणून मी अनुजानं बांधून दिल्याली भाकरी सोडली. तिनं हात लावला न्हाय.

दोन महिन्यांनी पाथरवाडीत रस्त्याचं काम निघालं आणि जेसीबीच्या दाताला एक दगड लागला. अख्खा, अक्षरांसकट, कुणी कधी न बघितल्याला. सरांचा फोन आला. “बाई, मी येतोय. तुम्ही त्याआधी तिथं जाऊ नका. तुमचा छापलेला तक्ता, कुठल्या खुणेचा कुठला उच्चार तो, घेऊन मी स्वतः वाचणार. तुम्ही गप्प उभ्या राहायचं.”

राजमती म्हणली, “बरोबर हाय त्येंचं.” मग माझ्याकडं वळून, “अण्णा, त्यो दगड बोलला न्हाय, तर मी सगळं मागं घेणार. लेखबी आणि तुझा फलकबी.”

“आणि इतकी वर्षं?”

“तीबी गेली म्हणायची.”

तितनं फुडं मला गिरणीतला आवाजबी ऐकू येत न्हवता, खरं सांगतो. तासावर शिकवणारी बाई. एकदा खोटी पडली की दुसऱ्यांदा तिचं कोण ऐकणार?

आमी पाथरवाडीला पोचलो. सर आधीच आलते आणि डोक्याला हात लावून बांधावर बसलेते. मी दगडाकडं बघितलं आणि मीबी डोक्याला हात लावला. दगड लालभडक! गावकऱ्यांना जमिनीतनं देव निघाला म्हणल्यावर दुसरं काय करणार? तेलात कालवून शेंदूर फासल्याला, थरावर थर, वर चांदीचे डोळे. एक खूण दिसंल तर शप्पत.

सर म्हणाले, “हे खरवडायला हवं.”

तसं केरबा म्हणून एक म्हातारा काठी आपटत म्होरं आला. देवाची पूजा त्येच्याकडं. “खरवडाय हात तर लावून बगा! देवाचं कातडं सोलाय आलाईसा व्हय?” मागं पंधरा-वीस माणूस. सर बिचारे इतिहास, वारसा असलं कायबाय समजावाया लागले. राजमती गप्पच. तिला गप्प ऱ्हायला सांगितलंतं आणि ती बोलल्यालं पाळती.

मग मी गेलो. हितं अक्कल न्हाय, आवाज लागतोय. म्हणलो, “केरबामामा, देव निघाला त्येला किती दिवस झाले?”

“झाला की महिना.”

“आणि आंघोळ?”

म्हातारा गडबडला. “म्हंजे?”

“म्हंजे, महिनाभर देव बिनाआंघोळीचा? शेंदरावर शेंदूर? आमच्या कोल्हापुरात आधी देवाला न्हाऊ घालतात, मग नवा शेंदूर चढवतात. असल्या पारोश्या देवाला नवस बोललासा तर पावंल कसा?”

मागची माणसं एकमेकांकडं बगाय लागली. एक बाई म्हणली, “त्येंचं खरं हाय वो मामा.” केरबा काठी टेकत म्हणला, “न्हाऊ आमी घालणार. तुमी हात लावायचा न्हाय. आणि झालं की नवा शेंदूर तुमचा.”

“ठरलं! शेंदूर माझा, तेलबी माझं.”

चुलीवर पाणी तापलं. बायकांनी गोडंतेल चोळलं, रिठ्याचं पाणी घातलं, मऊ फडक्यानं पुसलं. लाल पाणी भातात उतरलं आणि खालनं काळा दगड दिसाया लागला. मग कंगवा दिसला. मग मासा. राजमतीनं माझा दंड धरला. नखं रुतली.

सर तक्ता हातात घेऊन उठले. सवयीनं पैली बाजू वाचून उजवीकडं निघाले, तसा केरबा खेकसला, “ओ पावणं! उलटं कुठं निघालासा? देव हाय! उजवा हात देवाकडं!”

सर थांबले. राजमतीकडं बघितलं. मग सर मुकाट्यानं डावीकडं वळले.

एकेक खूण तक्त्यात शोधायची, पुटपुटायची, फुडं सरकायचं. एक फेरी. दुसरी फेरी. शब्द तुटत न्हवता, ह्या बाजूवरनं त्या बाजूवर सरळ जात हुता. तिसऱ्या फेरीत पोरीचं नाव आलं आणि सर थबकले. सुपागत एक खूण, आत दोन ठिपके. तक्ता वरखाली बघितला. “हे अक्षर तुमच्या तक्त्यात नाही.”

“न्हाय. कुठल्याच दगडावर आलं न्हवतं.”

“मग काय असावं?”

मी तिच्या कानाशी गेलो. “ठोक की कायतरी! क म्हण, ग म्हण! कोण बघाय येणार हाय?”

ती सरांना म्हणली, “मला न्हाय येत.”

“अंदाज?”

“मेलेल्या पोरीचं नाव अंदाजानं कसं घेऊ, सर?”

गेलं, समदं गेलं म्हणलो. सरांनी तिच्याकडं जरा येळ बघितलं, आणि ती खूण तशीच सोडून फुडं निघाले. शेवटच्या फेरीला सावकाश वाचलं, “तिं… बो… ळ. तिंबोळ. तिंबोळच्या काठी, तिच्या अण्णानं…” मग मान वर केली. “तिंबोळ काय? असा शब्द तर कुठं…”

केरबा हसला. “तिंबोळ ठावं न्हाय व्हय? ह्यो काय खाली वाहतोय! आमचा व्हाळ. सरकारी नकाशात नुसता नाला लिवलाय म्हणा.”

खाली ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू येत हुतं. सरांनी विचारलं, “बाई, तुम्हाला हे नाव माहीत होतं?”

राजमती म्हणली, “न्हाय सर. मी त्येला ओढाच म्हणत आलो.”

सरांनी तक्त्याची नीट घडी घातली. म्हणाले, “मी वाचला, बाई. तुमच्या तक्त्यानं मी वाचला. आणि तुम्ही ते एक अक्षर ठोकून दिलं असतंत ना, तर मी पुढं वाचलाच नसता.” मग माझ्याकडं वळून, “तुमचा फलक राहू द्या.”

नवा शेंदूर मी चढवला. पण केरबानं अक्षरं उघडी ठेवून फक्त माथ्यावर लावाय दिला. म्हणला, “देवानं नाव सांगितलंय, आता तोंड कशाला झाकायचं?”

परतीच्या गाडीत राजमती झोपली. मी जागा हुतो. त्या अण्णाचा इचार करत हुतो. गडी कोण, काय, त्येचं नाव न्हाय दगडावर. पोरीचं हाय, ओढ्याचं हाय, ह्येचं नुसतं ‘अण्णा’. ह्येनंबी कुणाला तरी बोलवून सांगितलं असंल, बाबा, असा मोठा दगड कोर की येणारा जाणारा थांबला पायजे, माझ्या भणीभवती फिरला पायजे. त्येनंबी फलकच लावलाता की! त्येचा दगडाचा, माझा फ्लेक्सचा. माझा पयल्या वाऱ्यात फाटतो एवढाच फरक.

कोल्हापुरात आल्यावर नवा लावला. ह्या बारीला गॉगल न्हाय. मधी राजमती, आणि तिच्या शेजारी तिच्याएवढीच मोठी ती सुपाची खूण, दोन ठिपक्यांची. राजमतीनं बघितलं आणि पैल्यांदा ‘काढ’ म्हणली न्हाय. म्हणली, “खाली लिव, हे अजून वाचायचं ऱ्हायलंय.” लिवलं.

आता चौकातनं जाणारा प्रत्येकजण थांबतो, वर बगतो आणि माझ्याकडं येऊन इचारतो, “बापूसो, हे कुठल्या पक्षाचं चिन्ह वो?”

मी गिरण बंद करतो. म्हणतो, “बसा. सांगतो.”